उजव्या खांद्याची माती

वस्ताद कधी कशाला टेकून बसला नाही. एसटीत बसला तरी पाठ आणि सीट यांच्यात चार बोटं जागा ठेवायचा. बीडहून चौसाळ्यापर्यंत मी त्याच्या शेजारी बसून कितीदा आलो असेन. खड्ड्यात गाडी आदळली की सगळे मागे रेलायचे, हा पुढच्या दांडीला धरून ताठ. झोपायचा तोही कुशीवर. न्हाव्याच्या खुर्चीत त्याने कधी दाढी केली नाही. न्हाव्यालाच घरी बोलवायचा आणि अंगणात पाटावर बसायचा. कुणी म्हणालं, "वस्ताद, टेका की जरा," तर ठरलेलं उत्तर असे, "पैलवानाची पाठ एकदाच टेकती. त्या दिवशी चौघं उचलायला येत्यात."

या वाक्यावर लोक खूश व्हायचे. मीही व्हायचो.

गेल्या वर्षी तो गेला. आता गावच्या शिवेवर त्याच्या नावाची कमान उभी राहते आहे, आणि यात्रेच्या मैदानात त्याच्या आठवणींची पुस्तिका वाटायची आहे. महिन्यापूर्वी त्याचा पुतण्या माझ्याकडे येऊन गेला. "मास्तर, दोन पानं लिवून द्या. काकाच्या जवळचं आता तुमीच उरलाव. गोड लिवा."

मी त्याला चहा पाजला आणि हो म्हणालो. हो म्हणायची मला जुनी सवय आहे.

एक आधीच सांगतो. वस्तादला मी जन्मभर अहो-जाहो केलं. इथे करणार नाही. वाचणाऱ्याला खटकलं तर खटको.

तो आमच्या तालुक्यातला शेवटचा नावाजलेला पैलवान. मी त्याच्या गावी शिक्षक म्हणून बदलून आलो तेव्हा तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. दोन्ही कान मोडून कळीसारखे मिटलेले, मान डोक्याएवढी रुंद, आणि आवाज मात्र बारीक. त्या बारीक आवाजाला लोक हसायचे नाहीत, कारण तो बोलताना समोरच्याचं मनगट हातात घ्यायचा. सहज घेतल्यासारखं. सोडायचा तेव्हा मनगटावर बोटं उमटलेली असायची.

त्याचं नाक हा गावात कौतुकाचा विषय होता. आमच्याकडे जमीन काळी, तिच्यावर कुस्ती होत नाही. तांबडी माती बाहेरून ट्रॅक्टरने यायची, तिच्यात ताक, तेल आणि हळद मुरवायची. वस्ताद मूठभर माती नाकाशी धरायचा आणि नाही आवडली तर भरलेला ट्रॅक्टर परत पाठवायचा. एकदा ट्रॅक्टरवाला चिडला. "वस्ताद, माती मातीच असती. ह्यात काय हुंगायचं?"

"तुझी बायकू रोज भाजी हुंगून टाकती का न्हाई? मग? गप जा, दुसरी आन."

सगळे हसले, ट्रॅक्टरवालाही. तो माणसांना असंच हसवत वळवायचा. खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडायचा. शाळा सुटली की मी तालमीच्या ओट्यावर जाऊन बसायचो. मी स्वतः काडीपैलवान. दोन मजले जिना चढलो तरी धाप लागणारा. पण कुस्तीचे नियम मला पाठ होते, मास्तर म्हणून चार लोक मान द्यायचे, आणि कुठल्या भावकीत माझं कुणी नव्हतं. म्हणून मला पंच केलं. पंच परका असावा, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

दुसरी एक पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन्ही खांदे एकदम जमिनीला टेकले म्हणजे चितपट. पण गर्दी, धूळ आणि हलगीचा दणका यांत कुणाला काय दिसतं? म्हणून आमच्या भागात शेवटच्या मोठ्या कुस्तीआधी दोघांचीही पाठ ओल्या फडक्याने पुसून काढतात. वाद झालाच तर पडलेल्याने पाठ फिरवायची आणि पंचाने बघायचं. दोन्ही खांद्यांवर माती असेल तर पडला. एकाच खांद्यावर असेल तर पंच म्हणणार, "कुस्ती चालू." पाठ खोटं बोलत नाही, असं आमचे म्हातारे म्हणायचे.

त्या साली यात्रेतली शेवटची कुस्ती वस्तादची आणि बंकटची होती. बंकट चौसाळ्याच्या पलीकडच्या एका वाडीचा, चोवीस वर्षांचा, उंच आणि अबोल. त्याचा बाप जुना पैलवान. मुलाची पाठ बापाने स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसली. जो जिंकेल त्याला चांदीची गदा. पण गदेपेक्षा मोठं काही त्या कुस्तीवर होतं. जिंकणाऱ्याला जिल्ह्याबाहेरची मैदानं मिळणार होती आणि हरणाऱ्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार होतं.

पाऊण तास कुस्ती चालली. वस्ताद दमला होता. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, ते जवळून फक्त मला दिसत होतं. मग त्याने बंकटला ढाकेच्या डावावर घेतलं आणि दोघे कोसळले. खांदे टेकू नयेत म्हणून बंकटने मानेवर कमान धरली. खांदे बघायला मी दोन्ही पंजे मातीत रोवून पालथा पडलो होतो, पण त्याच्या डाव्या बाजूला होतो. डावा खांदा टेकलेला मी पाहिला. उजवा मला दिसत नव्हता. पळत पलीकडे जायचं, की वाट बघायची? तेवढ्यात गावातली माणसं दोर तोडून आत घुसली, हलगी पेटली आणि माझ्या तोंडातली शिट्टी वाजली.

वाजली म्हणतो. मी वाजवली.

लोकांनी वस्तादला खांद्यावर घेतलं. बंकट उठला, ओरडला नाही. माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "मास्तर, पाठ बघा." आणि वळला.

डाव्या खांद्यावर भाकरीएवढी माती होती. उजवा खांदा स्वच्छ होता. नुसता घाम. फळ्यावरचं अक्षर दिसावं तितकं स्पष्ट मला ते दिसलं.

मला दोन शब्द बोलायचे होते, एवढंच. पुढे चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो. खरंच घाबरलो होतो. तिथे तीन-चार हजार माणसं होती, वस्तादच्या डोक्याला फेटा बांधून झाला होता, निकाल फिरवला असता तर दंगल झाली असती. हे सगळं खरं आहे. पण वस्ताद जिंकावा असं मला वाटत होतं, हेही खरं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी बंकटच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे पैलवान, चांगला लढलास." समजूत काढल्यासारखा हात एकदा फिरवला. माझ्या पंजाला माती होती, ती त्याच्या घामाला लागली. हात ठेवल्यावर तो क्षणभर सैल पडला, कुणीतरी आपलं आहे असं वाटून सैल पडतो तसा. मग मी वळलो आणि लाऊडस्पीकरचा माईक हातात घेऊन सांगितलं, "पाठ बघितली आहे. दोन्ही खांद्यांना माती आहे. निकाल चितपट."

"खोटं हाय," बंकट म्हणाला. "माझा उजवा टेकलाच न्हाई. बघा, कुणी बी बघा." तो गर्दीत पाठ दाखवत फिरू लागला. ज्याने बघितली त्याने नकारार्थी मान हलवली. शेवटी बाप आला. त्याने मुलाला मानेला धरून उन्हाकडे फिरवलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली.

"दोन्हीकडं हाय रं. पडलास तर पडलास, खोटं कशाला बोलतो?"

स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. बंकटला कशी दिसणार?

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, वस्ताद माझ्या घरी आला. गळ्यात हार, मागे माणसं. माणसांना दारात थांबवून एकटा आत आला. नेहमीसारखं माझं मनगट धरलं, पंजा उताणा केला आणि त्याच्याकडे बघत बारीक आवाजात म्हणाला, "वैनी, मास्तरला पाणी द्या. हाताला माती हाय त्यांच्या. धुवा म्हणावं."

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं ना? त्याला वरून सगळं दिसलं होतं.

त्या गदेवर त्याने पुढची सात-आठ वर्षं काढली. जिल्ह्याबाहेर खेळला, नाव केलं. गुडघा गेल्यावर स्वतः मैदानं भरवायला लागला, आणि तिथे तो पैलवानकीपेक्षाही मोठा झाला. पोस्टरवर स्वतःचा फोटो सगळ्यांत वर, खाली पैलवान, आणि सगळ्यांत खाली एक ओळ: "पंच: मास्तर". माझं नाव नसे. गरजही नव्हती.

त्याने काय केलं होतं ते ऐका. जे पाप मी घाबरून एकदा केलं, त्याचा त्याने खेळ बनवला. प्रत्येक मोठ्या कुस्तीनंतर हलगी थांबायची. वस्ताद लाऊडस्पीकर घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, पाठ बघा." सगळं मैदान गप्प व्हायचं. मी फेटा सावरत जायचो, पडलेल्याची पाठ बघायचो, थोडं थांबायचो (थांबायला त्यानेच शिकवलं होतं) आणि निकाल द्यायचो. लोक पार धर्मापुरीपासून ते बघायला यायचे. लग्नात मला लोक ओळखायचे, "पाठ बघणारे मास्तर ते ह्येच." वीसेक वर्षं मी फेटे बांधून घेतले.

जोडी लावायचा तोही त्याच्याच तऱ्हेने. इच्छुक पैलवान मैदानाला चक्कर मारायचे, हा मध्ये उभा. वजनकाटा कधी आणला नाही. "काटा कापसाला आसतो." मनगट दाबायचा, टाच बघायचा, आणि जोड लावताना पैलवानांकडे न बघता गर्दीकडे बघायचा. गर्दी कुठे चुळबुळते, कुठे उठून उभी राहते, त्यावर जोड ठरायची. कितीतरी पोरं अशी चुकीच्या जोडीत गेली. कुणाचा खांदा निखळला, कुणाची मान कायमची वाकडी झाली. मी एकदा म्हणालो, "वस्ताद, ही जोड बरोबरीची नाही."

"बरोबरीची लावली तर कुस्ती व्हईल मास्तर, मैदान भरायचं न्हाई."

वर्षातून एखाद्या वेळी त्याच्याच तालमीचा पैलवान जिंकल्यासारखा दिसायचा आणि मी पाठ बघून "कुस्ती चालू" म्हणायचो. मैदान डोक्यावर घ्यायचं. मास्तर कुणाच्या बापाला भीत नाही म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. एकदा चौसाळ्याच्या हॉटेलात भजी खाताना मी त्याच फुशारकीत काही बोललो, तेव्हा तो हसला. "तुमाला काय वाटलं, माझी पोरं समोरच्याचा येक खांदा आपुआप वर ठेवत्यात? त्यांना मी सांगून ठेवतो. तुमचं इमान बी मीच लावतो मास्तर, जोडीसारखं." आणि माझ्या बशीतलं शेवटचं भजं उचलून त्याने खाल्लं.

त्या दिवशी उठून निघून यायला हवं होतं. मी आणखी दोन भजी मागवली.

बंकटने कुस्ती सोडली. बापाने त्याला तालमीत पाय ठेवू दिला नाही, आणि गावात लोक म्हणायचे, "पडला ते पडला, वर खोटं बोलला." तो दोर वळायला लागला. चौसाळ्याच्या आठवडी बाजारात दावी, कासरे घेऊन बसायचा. मी तो कोपरा टाळायचो. पंधराएक वर्षांपूर्वी मात्र समोरच आला. आदराने उभा राहिला. मला त्या आदराचा राग आला होता, हे आठवतं.

"मास्तर, येक इच्यारू? तुमी जवळ हुतात." त्याने आवाज खाली आणला. "माझा उजवा खांदा टेकला कवा? मला कळलंच न्हाई बघा. लई डोकं लावलं मी."

मी म्हणालो, "धुळीत कळत नाही कधीकधी पैलवान."

"आसंल, आसंल," तो म्हणाला.

मी त्याच्याकडून एक कासरा विकत घेतला. माझ्याकडे जनावर नाही. कासरा अजून माळ्यावर पडला आहे.

वस्ताद शेवटी बीडच्या दवाखान्यात होता. नळ्या लावल्यामुळे त्याला उताणं झोपवलं होतं. कुशीवर वळायला धडपडत होता, नर्स परत सरळ करत होती. मी गेलो तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. बोटांत जोर राहिला नव्हता.

"मास्तर, ते आपल्या दोघांतलं माझ्यासंगं जाऊ द्या. तुमचं बी नाव खराब व्हईल."

त्या क्षणीही त्याने जोड लावली. त्याचं नाव आणि माझं नाव. बंकटचं नाव त्या खोलीत निघालं नाही. मी "बरं" म्हणालो.

पुतण्या चहा पिऊन गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. "वस्ताद म्हणजे सच्चेपणाचा" इथपर्यंत लिहिलं. कागद फाडला, आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घालून सकाळच्या गाडीने बंकटच्या वाडीला गेलो.

तो अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे, पण बसणं पैलवानाचं. खाट दिली, मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. शिट्टी, घाम, माझा हात. सांगताना मी त्याच्या हातांकडे बघत होतो. दोर वळायचा थांबला.

"पुन्यांदा सांगा," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी मी खोटं बोलत न्हवतो."

"नाही."

त्याने घरात हाक मारली. बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "हिला सांगा." मी तिला सांगितलं. मग मुलाला बोलावलं. "ह्याला सांगा." शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. त्यालाही सांगायला लावलं. तो म्हणाला, "पर मी बघितलती की पाठ. दोन्हीकडं माती हुती."

"ती ह्यांची हुती," बंकट माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाला.

बायकोने पिठाचे हात पदराला पुसले. "तुमी शाळंत शिकवत हुता ना?" ती म्हणाली. "काय शिकवलं वो पोरांना?"



"मला वाटायचं माझंच अंग मला फशिवतंय," बंकट म्हणाला. कुणाशी बोलत होता कळत नव्हतं. "खांदा टेकल्याचं ज्याला कळत न्हाई त्यानं कुस्ती काय खेळायची? म्हणून सोडली मी. बापाच्या भ्यानं न्हाई सोडली." मग तो उठला. "तुमी बाजारात भेटला तवा माझा बाप जिता हुता मास्तर. त्याच्यानंतर आणखी तीन वर्षं जगला."

हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी.

"चला," तो म्हणाला.

तो पुढे, मी मागे. मुलगा यायला लागला तर त्याला हाताने थांबवलं. वाडीच्या मागे त्यांचं शेत आहे. बांधाला लिंबाखाली त्यांच्या घरातल्या माणसांच्या समाध्या आहेत, चौकोनी ओटे, वर लहानशी पिंड. एका ओट्यावर ताजी बेलाची पानं होती. बंकटने चपला काढल्या, मीही काढल्या.

"ह्यो माझा बाप. सांगा."

मी हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात सांगू लागलो.

"आसं न्हाई. तवा लाऊडस्पीकरवर सांगितलं हुतं तुमी."

शेजारच्या रानात बायका कापूस वेचत होत्या. मी मोठ्याने सांगितलं की तुमचा मुलगा पडला नव्हता. त्याच्या उजव्या खांद्याला लागलेली माती मी लावली होती. मी पंच होतो आणि मी खोटं बोललो. बायकांनी वेचणं थांबवून आमच्याकडे पाहिलं. माझा आवाज फाटला होता, धाप लागली होती.

बंकट समाधीकडे बघत उभा होता.

"आणिक मोठ्यानं," तो म्हणाला. "शेवटी त्याला कमी ऐकू यायचं."